बुधवारची प्रत

दोन हजारचं दशक सरत आलं होतं. नाशिकच्या एका लहान संस्थेत मी संगणक सांभाळायचो. डोंगरी भागातल्या जुन्या गाण्यांची रेकॉर्डिंग तिथे जमा होत. पेठकडची एक तरुण मुलगी गावोगाव हिंडून ती करून आणायची. गाणी सर्व्हरवर टाकली की रेकॉर्डरचं कार्ड पुसून पुढच्या गावाला न्यायचं, हा नियम माझाच. "सर्व्हरवर आहे म्हणजे आहे," मी तिला म्हणायचो.

सर्व्हर रोज संध्याकाळी स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे त्या क्षणी जे जसं आहे त्याची प्रत. शनिवारी आठवड्यातला बदल मी दुसऱ्या मशीनवर पाठवायचो आणि जागा हवी म्हणून इथले रोजचे स्नॅपशॉट काढून टाकायचो. पाठवायच्या कमांडमध्ये 'आय' हे इंग्रजी अक्षर मोठं दिलं तर मधल्या सगळ्या दिवसांचे स्नॅपशॉट जातात. लहान दिलं तर फक्त दोन शनिवारांमधला फरक जातो, मधले दिवस जातच नाहीत. मी कित्येक महिने लहानच देत होतो.

सुरगाण्याकडच्या एका म्हातारीची गाणी तिने मंगळवारी सर्व्हरवर टाकली. शुक्रवारी कुणाच्या तरी हातून त्या गाण्यांचा फोल्डर उडाला. सोमवारी गाणी सापडेनात, तेव्हा संचालकांनी तिला सगळ्यांदेखत विचारलं, "डोंगरात गेली होतीस, की सापुताऱ्याला फिरायला?"

सगळे हसले. मीही.

ती माझ्याकडे वळली. "सर, बुधवारची प्रत काढा ना. त्यात दिसेल."

मी आत जाऊन दुसरं मशीन पाहिलं. बुधवार नव्हता. मॅन्युअल उघडलं तेव्हा माझी चूक कळली. बाहेर येऊन म्हणालो, "तिथे काही नाही."

ते खरंच होतं. का नाही, हे मी सांगितलं नाही.

तिला काढून टाकलं. जाताना म्हणाली, "म्हातारी दोन दिवस गायली सर, दम लागत होता तरी. मी परत जाऊन गायला सांगते."

काही दिवसांनी तिचा फोन आला. म्हातारी वारली होती. "आता कोण गाणार, सर?" एवढंच बोलली. तेव्हाही खरं कारण मी सांगितलं नाही. शनिवारी मात्र मी मोठा आय दिला, कुणाला न सांगता.

काम न करताच केल्याचं सांगितलं, असा शेरा तिच्या फाइलवर आहे. तो खोटा आहे. तिने गाणी आणली होती, घालवली मी. हे मी आता संस्थेला सहीनिशी लिहून दिलं आहे. तिचा तो फोन आता लागत नाही, आणि तिला कळवायला माझ्याकडे पत्ता नाही.