एक लेक वाचवा, पुढे पाठवा

आखाजीला आमच्याकडे खापरावरचे मांडे होतात. इकडे गुजरातेत नवागामच्या दोन खोल्यांत चूल पेटवली की शेजारी खोकतात, पण सण तो सण. त्या वर्षी लेकीने पहिल्यांदाच स्वतःच्या हातांवर मांडा मोठा केला आणि अहिराणीत बोलत त्याचा व्हिडिओ टाकला. मांडा पार कोपरापर्यंत आला तेव्हा ती ओरडली, “माय, दख वं!”

कॉलेजातल्या काही पोरांनी तेवढाच तुकडा कापला, त्याला गाढवाचं ओरडणं जोडलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. ती कॉलेजला जाईना. आम्हा दोघांना तिने तो तुकडा दाखवला आणि बजावलं, बाहेर बोलू नका.

मी साड्यांना खडे चिकटवता चिकटवता मोबाइलवर लेख शोधायला लागले. सगळ्या लेखांची चाल एकच. सुरुवातीला कुठल्यातरी शहरातली हसरी मुलगी. तिसऱ्या ओळीत ती गेलेली. वाचता वाचता हातातला गोंद वाळतो. मग विचारतात, तुमची मुलगी गप्प असते का? जेवत नाही का? अहो, कुठली मुलगी कधी गप्प नसते? पण तोवर आपण घाबरलेलो असतो, सगळं पटतं. आणि शेवटी, आता गप्प बसलात तर तुम्हीही गुन्हेगार, हा लेख पुढे पाठवा, एक लेक वाचवा. त्या पोरांना जाब कसा विचारायचा, ते मात्र कुठेच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मला चीड येते ती याची, की रडवून घेतात आणि रडलं म्हणजे काम झालं असं वाटायला लावतात.

आमच्या यांच्या पोटात काही राहत नाही. त्यातलाच एक लेख यांनी थोरल्या भावाला पाठवला, सोबत तो तुकडाही. थोरले दीर, लेकीचे मोठे बाबा, लूमवर मुकादम आहेत, फार हळवा माणूस. लेख वाचून त्यांचे डोळे भरून आले म्हणे. त्यांनी तो समाजाच्या ग्रुपवर टाकला, जिथे मुलामुलींचे बायोडाटा फिरतात तिथे. लोकांना नीट कळावं म्हणून व्हिडिओही जोडला. खाली लिहिलं, माझ्या पुतणीवर ही वेळ आली, तुमच्या लेकी सांभाळा.

संध्याकाळपर्यंत कामरेजपासून धुळ्यापर्यंत सगळ्यांनी गाढव ऐकलं. जोडलेल्या हातांची रांग लागली. आत्येसासूने फोन करून विचारलं, पोरीचं आता कसं व्हायचं?

दीर घरी आले. माझ्याशी ते थेट बोलत नाहीत, म्हणून दारातूनच भावाला म्हणाले, “लेखम्हा लिखेल से ना, पुढे धाडा म्हनीसन. मी काय वाईट कयं?”

वाईट हेतू असता तर भांडता तरी आलं असतं.

लेक आतल्या खोलीत होती. मी गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “माय, त्या पोरेसनी वर्गमाच दखाडं व्हतं. मोठा बाबानी समदासले दखाडं.”

नंतर ती कॉलेजला जायला लागली. स्वतःचे अहिराणीतले व्हिडिओ तिने काढून टाकले. मी लेख वाचायचे सोडले, पण अजून कुणी तसा काही पाठवला की मोबाइल आपटावासा वाटतो.

यंदाच्या आखाजीला तिने पुन्हा मांडा केला, खाली मान घालून. छान पातळ झाला होता. मी विचारलं, “कसा व्हयना वं मांडा?”

ती गुजरातीत म्हणाली, “सारो थयो, मम्मी.”