लाल रेघेबाहेरची बाई

ग्रोनिंगनच्या शनिवारच्या बाजारात एक डच आजोबा जुने फोटो विकतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी काढलेले, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी मोर्चात उतरलेल्या गायकांचे, नट-नट्यांचे. फोटोंवर संपादकाने लाल पेन्सिलीने चौकट आखलेली असते. आतलं छापायचं, बाहेरचं कापायचं.

गिऱ्हाईक नटीकडे बघतं. आजोबा मात्र शर्टाच्या टोकाने भिंग पुसून ते रेघेबाहेरच्या बाईवर धरतात. "हिने सँडल हातात घेतलेत, बघ. फार चालली असणार."

"पण ही कोण?" मी एकदा विचारलं.

"माहीत नाही. म्हणून तर नीट बघायचं."

मग मी त्यांना मोबाइलवर आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या जलशाचं कात्रण दाखवलं. मधोमध शाहीर, अगदी कडेला ढोलकीवर दोन हात. "हे माझे बाबा," मी म्हटलं. संपादक तिकडचा काय, आपल्याकडचा काय, कात्री तीच मेली!

आजोबांनी फोटो मोठा केला आणि ते तो अंगठ्याने सरकवत राहिले, कडेपलीकडे चेहरा सापडेल म्हणून. फोटो दर वेळी जागेवर परत येत होता.

मी त्यांना थांबवलं नाही. घरी मीही तेच करते.