उपाशी ट्यूब

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. कुणी 'अनुभव' सांगायला लागलं की मी पहिल्यांदा विचारते, "तेव्हा तुम्ही औषधं कुठली घेत होतात?" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण गेले तीन आठवडे मन थाऱ्यावर नाही, धड एका जागी बसवत नाही... म्हणून लिहून टाकते.

मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला एका लॅबमध्ये काम करते. विषय – माणसाच्या आतड्यातले बॅक्टेरिया. सँपल कशाचं असतं ते समजून घ्या! डीएनए वाचला की आत कोण कोण राहतंय ते कळतं. आरएनए वाचला की ती मंडळी त्या घडीला काय करत होती ते कळतं. तपासणीचं नवीन किट आलं की आधी लॅबमधल्याच कुणाच्या तरी सँपलवर चालवून बघतात, आणि त्यासाठी कुणीही पुढे येत नाही. फेब्रुवारीत मी म्हटलं, घ्या बाबा माझं. एकाच सँपलच्या सहा ट्यूब केल्या आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये टाकल्या.

पहिली लगेच चालवली. आदल्या दिवशी राजमा-भात चापला होता, बॅक्टेरिया त्याच्यावरच तुटून पडलेले. सगळं छान.

दुसरी एप्रिलमध्ये चालवली. रिझल्ट अन्वीने उघडला. ही माझी सहकारी, न्यू जर्सीत जन्मलेली, मला ताई म्हणते. सँपल कुणाचं ते तिला ठाऊक नव्हतं.

"ताई, धिस पर्सन इज स्टार्व्हिंग. काहीच खाल्लं नाहीये यांनी."

मी वाकून बघितलं. डीएनए माझाच, पहिल्या ट्यूबशी तंतोतंत जुळणारा. पण आरएनए म्हणत होता की आत अन्नाचा कण नाही, म्हणून बॅक्टेरिया आतड्याचं अस्तर कुरतडतायत. अहो, पण ट्यूब त्याच दिवसाची ना! आरएनए खराब होतो, मान्य. पण भिजलेल्या चिठ्ठीवरची शाई पुसली जाते, तिथे नवा मजकूर उमटत नाही. अन्वीने तिसरी ट्यूब स्वतःच्या हाताने चालवली. तेच.

"वीअर्ड यार," म्हणून ती लंचला गेली. मी मात्र दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकत सुटले. उपाशी म्हणे... मी आणि उपाशी!

आठवडाभर झोप नाही. शेवटी डॉक्टरकडे गेले. ट्यूबचं अर्थातच बोलले नाही, नुसतं म्हटलं पोटाची भीती वाटते. तिने घरच्यांबद्दल विचारलं. बाबा सत्तेचाळिसाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेले. त्याआधी दोन वर्षं आम्ही सगळे त्याला मूळव्याध म्हणत होतो. ती चिडलीच, "मग तुम्ही इतकी वर्षं आला का नाहीत?" दिवसभर दुसऱ्यांची पोटं तपासते, स्वतःचं तपासायची हिंमत नव्हती.

मे महिन्यात कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे आतड्यात कॅमेरा घालून तपासणी. एक पॉलिप, म्हणजे छोटी गाठ निघाली, तो कापून टाकला. ठेवला असता तर पुढे कॅन्सरच झाला असता, असं डॉक्टर म्हणाली. मी गाडीत बसून ढसाढसा रडले.

त्या तपासणीआधी दीड दिवस नुसतं पाणी आणि सफरचंदाचा रस घ्यायचा होता. पोट साफ करायचं औषध घ्यायच्या आधी मी सँपल काढून ठेवलं – सवय, दुसरं काय! नंतर ते चालवलं. अन्वीने एप्रिलचा आणि हा, दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. तसेच्या तसे. म्हणजे फेब्रुवारीत गोठवलेल्या ट्यूबमध्ये माझा मे महिन्यातला उपास होता. आणि तो उपास मी केला तो त्याच ट्यूबला घाबरून! यातलं आधी काय आणि नंतर काय, विचार करून डोकं फुटायची वेळ आली. आमच्या प्रोफेसरांनी "किटमधला दोष" असं लिहून विषय मिटवला. असेलही. मला पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

डॉक्टरने बजावलं होतं, सख्ख्या भावंडांना तपासून घ्यायला सांगा. माझा दादा नाशिकला असतो, वय एक्केचाळीस. मी फोनवर त्याला सगळं सांगितलं, आणि तिथेच चुकले. तो खो खो हसला.

"जंतूंनी भविष्य सांगितलं होय? अमेरिकेत जाऊन हेच शिकलीस? आणि मला काय धाड भरलीय! जरा मूळव्याध आहे, चार महिने झाले, चूर्ण घेतोय."

तेव्हापासून रोज फोन करते, तो उचलत नाही. वहिनी म्हणते, चिडलेत. पण वाचकांच्या अनुभवांचं हे सदर तो न चुकता वाचतो, असल्या गोष्टींची त्याला भारी आवड.

दादा, ट्यूबवर विश्वास ठेवू नकोस. वाटल्यास मला वेडी म्हण, सगळ्या नातेवाइकांना सांगून हस. पण उद्या सकाळी डॉक्टरकडे जा रे.