केळीतून आलेली हाक

हिलाल नानांच्या दारात उभं राहून एकदा हाक मारली तर ते ओ देत नाहीत. दुसऱ्यांदा मारली तरी नाही. ओसरीवरच्या खाटेवर ते बसलेले दिसत असतात, डोळे उघडे, मान आपल्याकडे वळलेली. पण तोंड उघडतात ते तिसऱ्या हाकेला. नवख्या माणसाला ते पाहून कसंतरीच होतं. गावातली पोरं मुद्दाम दोनदा हाक मारून पळतात.

धरणगाव तालुक्यातलं तापीकाठचं आमचं गाव. नाना इथलेच. जळगावला आयटीआय करून ते समुद्रकाठच्या एका अणुवीज प्रकल्पात लागले, ते निवृत्त होऊनच परतले. मी इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर. यंदा माझीही तशाच एका प्रकल्पात निवड झाली. रुजू व्हायला वेळ होता, म्हणून रोज नानांकडे जाऊन बसायचो. अणुभट्टीबद्दल विचारायचो आणि ते मला त्यांच्या आईबद्दल सांगायचे.

"मनी माय ताईबाई म्हने, भूत दोनच डाव हाक मारस. तिसरी हाक फक्त मानूस मारू शकस. तीन हाका आयकू उन्या बिगर ओ देऊ नको."

"पण नाना, तुम्ही तर शिकलेले."

"म्हनीसनच तर सांगी राहिनू."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. नोकरीची सुरुवातीची वर्षं. भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. नाना एकटेच एका मोठ्या झडपेपाशी उभे होते. भिंतीवरच्या भोंग्यातून आवाज आला, "झडप उघड." नानांनी चाकावर हात ठेवला. हात ठेवला आणि आई आठवली. त्यांनी भोंग्याजवळचा फोन उचलून विचारलं, "कोणती झडप? कोण बोलतंय?" उत्तर नाही. थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज, "उघड." पुन्हा विचारलं. मग फक्त खरखर. तिसरी हाक आली नाही. नाना पाइपच्या कडेकडेनं चालत भिंतीपलीकडे गेले. तिथे त्याच पाइपचं झाकण उघडून दोन माणसं खांद्यापर्यंत आत वाकलेली होती.

"आणि तो आवाज?"

"कोनाच नही. कंट्रोल रूम म्हने आम्ही बोललो नाही. शेजारची भट्टी म्हने आम्हीपन नाही. चौकशी बसली, साहेब ओरडले, ज्यानं केलं त्याची नोकरी घेतो म्हने. मग कोन बोलस?"

पुढे प्रकल्पाला नवे प्रमुख आले. ते म्हणाले, चूक सांगेल त्याला शिक्षा नाही, लपवेल त्याला आहे. तेव्हाही तो आवाज पुढे आला नाही, पण बाकीच्या लहानमोठ्या चुका येऊ लागल्या. नंतर नानांना देशातल्या सगळ्या अणुवीज प्रकल्पांत फिरणाऱ्या एका पथकात घेतलं. हे पथक यंत्रं तपासत नसे. नाना कंट्रोल रूमच्या मागच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून न बोलता बसत आणि माणसं पाहत. सांगितलेलं काम ऐकणारा ते परत उच्चारतो का? सांगणारा त्यावर 'बरोबर' म्हणतो का? नवा पोरगा वरिष्ठाला 'थांबा' म्हणाला तर वरिष्ठाचा चेहरा कसा होतो? ऑपरेटर त्यांना पाठीमागे 'मुंजा' म्हणत.

"आमनं काम म्हनजे गप्प बसनं तपासनं," नाना म्हणाले. "कोठे कोठे लोक गप्प बसतस, ते शोधानं."

मला वाटलं, जुन्या माणसाच्या गोष्टी. मग ती दुपार आली.

नानांचा पुतण्या नवल याच्या केळीच्या बागेतली केबल जळाली होती. बिघाड खांबापासून त्याच्या पेटीपर्यंतच्या तारेत, म्हणजे डीपीवरचे, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज काढल्याशिवाय हात लावणं शक्य नव्हतं. त्या डीपीवर आणखी पाच जणांच्या मोटारी. मे महिना, केळीला एक दिवस पाणी चुकलं तर पानं वळतात. सगळे वैतागलेले. नवलनं फ्यूज काढले.

"खिशात ठेव," नाना म्हणाले. "जो तार धरी, फ्यूज त्याना खिशात."

"नाना, तुम्ही इथे बसणार ना? मग खिशात कशाला?" नवल हसला. "अणुभट्टी सांभाळी, आते मनी केळी सांभाळा." फ्यूज नानांच्या हातात देऊन तो बागेत शिरला. केळीचं असं असतं, चार पावलांवर माणूस दिसेनासा होतो.

मी आणि नाना डीपीच्या खांबाच्या सावलीत बसलो. सावली होती ती आमच्या पावलांएवढीच. वारा नव्हता. पाखरूही नाही. मी सांगतो त्यात वाढवून काही नाही. 

मग केळीतून हाक आली. "नाना, टाकी द्या!"

फ्यूज टाकून द्या, असं. नवलचाच आवाज वाटला. मी उठलो, फ्यूज घ्यायला हात पुढे केला. नानांनी माझं मनगट धरलं. त्यांचा तळवा गार होता.

"काय टाकू?" नाना ओरडले. "कोन बोली राहिनं? नाव सांग!"

काही नाही. केळीची पानं अगदी स्तब्ध. मग पुन्हा, थोडी जवळून, थोडी हळू, "टाकी द्या ना..."

"नाव सांग!"

आम्ही थांबलो. तिसरी हाक आली नाही. नानांनी फ्यूज स्वतःच्या बंडीच्या खिशात घातले आणि आम्ही बागेत शिरलो. नवल सरीत उकिडवा बसला होता. तारेचं टोक दातांत धरून तो वरचं प्लास्टिक सोलत होता. आम्हाला पाहून त्यानं तार तोंडातून काढली.

"काय व्हयनं?"

"तू हाक मारी का?"

"नही. मनं तोंड कोठे रिकामं शे?"

मी थुंकीनं ओल्या झालेल्या त्या तांब्याच्या तारेकडे पाहत राहिलो.

संध्याकाळपर्यंत गावाला उत्तर सापडलं होतं. चार वर्षांपूर्वी मोतीलाल याच डीपीवर शॉक लागून गेला. तार जोडत होता आणि कुणीतरी फ्यूज टाकले. टाकणारा रडून सांगत होता, मला 'टाक' असं ऐकू आलं. 'टाक' कोण म्हणालं ते कधी कळलं नाही. आता सगळे म्हणू लागले, मोतीलालच हाका मारतो. नवलच्या आईनं डीपीला नारळ फोडला. कुणाच्याही चेहऱ्यावर भीती नव्हती. खरं सांगायचं तर सगळ्यांना हायसं वाटलं होतं. भुताची चूक कुणाच्याच अंगावर येत नाही.

फक्त नाना घाबरले होते. ते पारावर गेले. "आवाजाले मानूस भेटना पाहिजे," ते म्हणाले. "नही ते तो भूत व्हस आनि परत येस. मी पोलिसले सांगाव नही, गावले सांगाव नही, कोनावर चिडाव नही. कोठे उभा व्हता, काय दिसनं, इतलंच सांगा. पुढला डाव नवल वाचाव नही."

लोटन म्हणून एक जण आहे, जीभ तिखट. तो म्हणाला, "नाना, सरकारनी तुमले भूत पकडाना पगार दिधा का?"

लोक हसले. नानाही हसले. मग सगळे उठून गेले आणि पारावर कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नानांनी ओसरीचं दार उघडंच ठेवलं होतं. ते जेवत नव्हते. मी म्हणालो, तुमच्या प्रकल्पातही तो आवाज कधी सापडला नाही. ते म्हणाले, "म्हनीसनच. त्या दोन मानसं मी अजून त्या पाइपमां वाकेल देखस."

चौथ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही आत बसलो होतो. बाहेरून हाक आली, "नाना."

मी पाहिलं, उघड्या दारात कुणी नव्हतं. नाना हलले नाहीत. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "नाना." भिंतीला चिकटून उभं असल्यासारखा दबका आवाज. नानांच्या ओठांवर घाम होता. खाटेची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं आता नाही येणार. उठून धावत बाहेर जावं, जो असेल त्याला धरावं, असं वाटलं. नानांनी नुसती मान हलवली.

"नाना... मी शे."

"ओ!" नाना म्हणाले, आणि इतक्या घाईनं उठले की खाट कलंडली.

दारात कोण होतं ते मी लिहिणार नाही. नानांनी तसा शब्द दिला होता. त्याच डीपीवर मोटार असलेलं माणूस, एवढंच. बागेच्या पलीकडच्या बांधावर उभं होतं. नवल बाहेर पडताना दिसला असं वाटलं, खरं तर ते दुसरंच कुणी होतं. केळी वाळत होती, म्हणून हाक मारली. नाना 'नाव सांग' म्हणाले तेव्हा चूक कळली, आणि मग भीतीनं घशातून आवाज फुटेना. नानांनी पाणी दिलं. रागावले नाहीत. 'तू उना, बरं व्हयनं,' असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. जाताना त्या माणसाला नानांनी सांगितलं, आजपासून तार धरणाऱ्याच्याच खिशात फ्यूज. आज तसंच होतं. नवलही ठेवतो.

पण दाराबाहेर पाऊल टाकताना ते माणूस थांबलं होतं.

"नाना, एक सांगू? गावात म्हनतस दोन हाका उन्या. मी एकच मारी व्हती."

पावलांचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. मी दार लावायला उठलो.

"ऱ्हाऊ दे उघडं," नाना म्हणाले, आणि कलंडलेली खाट सरळ करून पुन्हा दाराकडे तोंड करून बसले.