रेस द्यायला माणूस

आमच्या जीपचं पाणी कुठं जातंय ते कुणालाच सांगता येईना. रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडावं तर तांब्याभर पाणी कमी. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवायचो, तो सकाळी कोरडा ठणठणीत. त्यात पुढच्या बाजूनं एक कुरकुर सुरू झालेली. रेस वाढवली की ती किंचाळायला लागे. जुनी डिझेल गाडी, चारही चाकं ओढणारी, ती आवाज करणारच. पण तिचे सगळे आवाज मला पाठ आहेत, आणि हा त्यातला नव्हता.

नागापूरच्या एका गॅरेजवाल्यानं बोनेट उघडलं, जरासं ऐकलं आणि म्हणाला, "हेड गेलंय, गुरुजी. इंजिन उतरवावं लागंल. त्यापरीस भंगारात द्या."

मी भडकलो. म्हटलं, "हेड गेलं असतं तर तेलात पाणी मिसळून तेलाचा चहा झाला असता. पांढरा धूर निघाला असता. तू काय बघितलंस?"

"मग तुमीच बघा की," तो म्हणाला.

मी बोनेट आपटून निघालो. माझा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला, मी काही मिस्त्री नाही. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मला कुणाचंच खपत नाही.

रस्त्यात मात्र राग उतरला. हेड खरंच गेलं असेल तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर मला वस्ती सोडून पुण्याला जावं लागणार होतं. तसा मी मुलाला शब्द दिला होता. आमची ही वारल्यावर, दिवसकार्य आटोपल्यावर, तो म्हणाला होता, "आप्पा, इथून दवाखाना लांब. गाडी चालतेय तोवर राहा. ती थांबली की मग हट्ट करायचा नाही." मी हो म्हणालो. तेव्हा वाटलं होतं, ही गाडी मला पुरून उरेल.

पुण्याचा फ्लॅट चांगला आहे. सूनबाईही चांगली आहे. पण तिथं मी जिथं बसेन तिथून मला उठावं लागतं, कारण नेमकी तिथलीच फरशी पुसायची राहिलेली असते. इथं मी एकटा आहे. लई एकटा आहे, खोटं कशाला बोलू? दिवस मावळला की घशातून आवाज निघतोय का ते बघायला गाडीलाच चार शिव्या देतो. पण हा एकटेपणा माझ्या घरातला आहे, तो मला सोडवत नाही.

गाडीचा आवाज शोधणं हे दोन माणसांचं काम. एकानं आत बसून रेस द्यायची. दुसऱ्यानं बोनेटखाली वाकून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतलं सगळं ऐकू येतं. आमच्याकडे आत बसायचं काम हिचं. पाय पुरत नसत म्हणून पाठीशी उशी घ्यायची. उघड्या बोनेटमुळं तिला मी दिसायचो नाही, म्हणून मी बाजूनं हात बाहेर काढायचो. पंजा वर केला की रेस वाढव, मूठ मिटली की सोड. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण माझी मूठ पुरती मिटायच्या आत तिचा पाय सुटलेला असायचा. वर आतून टोमणा, "सापडलं का तुमचं भूत?"

कर्जतच्या रस्त्याला एकदा रेडिएटर गळायला लागला, तेव्हा हिनंच कुण्या अनोळखी घरातून मूठभर हळद मागून आणली. पाण्यात टाकलेली हळद फुगते आणि जिथं गळतंय तिथं जाऊन बसते. जुने ड्रायव्हर सगळे हेच करतात. त्या हळदीवर आम्ही घरी आलो आणि पुढं कितीतरी दिवस तशीच गाडी हाकली.

म्हणून मीही तेच केलं. फडताळातल्या बरणीत हिनं दळून आणलेली हळद तळाला राहिली होती. संपेल म्हणून मी ती भाजीतसुद्धा घालत नव्हतो. ती सगळी रेडिएटरमध्ये ओतली आणि श्रीगोंद्याला बाजाराला जाऊन आलो. दुसऱ्या सकाळी बघतो तर पाणी कमी ते कमीच. गळती थांबली नाही आणि हळदही गेली. रिकामी बरणी हातात घेऊन मी ओट्याशी रडलो. मग पिशवी काढली आणि कपडे भरायला घेतले.

दोन सदरे भरले आणि डोकं फिरलं. म्हटलं, जायचं तर जाऊ, पण त्या गॅरेजवाल्याच्या शब्दावर जायचं नाही, स्वतःच्या कानानं ऐकून जायचं. गाडी अंगणात घेतली, न्यूट्रल केली, हॅण्डब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. शेजारच्या वस्तीवर हाक मारून बघितली, पण कांदा काढणीचे दिवस, माणसं सगळी रानात. शेवटी इंजिन चालू केलं आणि एक्सलेटरवर दगड ठेवला. पहिला हलका पडला. दुसऱ्यानं गाडी बोंबलायलाच लागली. मग मधला एक शोधून आणला, तो बेतानं बसला.

स्क्रू ड्रायव्हर हेडला लावला. खटखट होती, पण ती नेहमीचीच, एका तालातली. डायनामो गप्प होता. पंख्यामागं वॉटर पंप असतो, त्याला टोक टेकवलं आणि कानात जात्यात खडा सापडल्यासारखी खरखर झाली. पंपाचं बेअरिंग! हातातल्या बॅटरीचा उजेड मारून बघितलं. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. तिथून खाली पिवळी रेघ उतरली होती. हळदीची. माझ्या डोळ्यांदेखत त्या भोकातून एक पिवळा थेंब आला, पंख्याच्या वाऱ्यानं मागं उडाला, तापलेल्या लोखंडावर चर्र झाला आणि वाळून गेला. पुठ्ठ्यापर्यंत पोचणार कसा? गाडी जोरात चालली की गळायचं, आणि उभी केली की थांबायचं. हेडला काहीच झालेलं नव्हतं. नुसता पंप बदलायचा होता.

"सापडलं गं," मी मोठ्यानं म्हणालो, आणि बाजूनं हात बाहेर काढून मूठ मिटली.

गाडी ओरडतच राहिली. मी हात आणखी लांब केला, पुन्हा मूठ मिटली. मग कळलं, आणि हात तसाच खाली आला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलगा. रोज याच वेळेला करतो. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच बोलणं होतं आमचं. मी त्याला विचारूच दिलं नाही. "हेड न्हाई गेलं. पंप हाय नुसता. मी हितंच राहनार," एका दमात सांगून टाकलं.

मला वाटलं, आता वाद घालणार. मीही तयारीत होतो.

"आप्पा," तो म्हणाला, "इंजिनाचा आवाज येतोय. रेस कोण देतंय?"

"दगड," मी म्हणालो.



"तो काढा आधी, गाडी तापेल," तो म्हणाला. "पंप मी घेऊन येतो रविवारी. रेस मी देईन."