दुपारपाळीच्या ताई

ताई साडीखाली पांढरे पळायचे बूट घालायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळाला टिकली, आणि पायात पोरांच्या पीटीला असतात तसले बूट. आमच्या चाळीतल्या बायका हसायच्या. ताई म्हणायच्या, "हसा गं हसा. आमची माणसं कधी कुठे निघतील सांगता येत नाही, आणि चप्पल नेमकी तेव्हाच तुटते." आमची माणसं म्हणजे विसरायला लागलेली म्हातारी माणसं. डिलाईल रोडला मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचं केंद्र होतं, दुपारी दोन ते पाच, ते ताई चालवायच्या.

मला त्या भेटल्या तेव्हा माझ्या पायात चप्पलसुद्धा नव्हती. माझे सासरे, आम्ही बाबा म्हणतो, मिलमध्ये साच्यावर होते, म्हणजे कापड विणायचे. मिल जाऊन किती वर्षं झाली, पण बाबा सकाळी सातच्या पाळीला निघायचे. त्या दिवशी मी बाळाला पाजत होते, बघते तर दार उघडं आणि बाबा नाय. तशीच पळाले, बाळ खांद्यावर, ते रडतंय, मी रडतेय. मिलच्या जागी आता काचेचा टॉवर आहे, तिथला वॉचमन बाबांना दंडाला धरून बाहेर काढत होता. मी ओरडले, "बाबा, मिल बंद झाली ना, कधीच बंद झाली!" तसे ते फुटपाथवर मटकन बसले. "बंद? मगे पोरां काय खातली?" म्हणाले आणि रडायलाच लागले. संपात घरात चूल कशी पेटायची ते सासूबाई सांगायच्या. बाबा परत त्या संपाच्या दिवसांतच जाऊन बसले होते, आणि मीच त्यांना ढकललं होतं.

तेवढ्यात बाजूला पांढरे बूट आले. ताई सरळ फुटपाथवर बाबांच्या शेजारी बसल्या आणि रोजची ओळख असल्यासारख्या बोलल्या, "मिल चालू आहे हो काका. तुमची पाळी बदलली. आजपासून दुपारपाळी."

बाबांनी डोळे पुसले. "मगे आधी सांगूक नको?"

"चुकलं आमचं. घरी जा, जेवा, मी दीड वाजता न्यायला येते."

आणि खरंच आल्या. त्या दिवसापासून रोज दीड वाजता चाळीच्या जिन्याखाली ताई, आणि बाबा डबा घेऊन तयार.

मी एकदा विचारलं, "ताई, हे खोटं नाय का?" तर म्हणाल्या, "बाळ पडलं की जमिनीला हात मारून 'हात रे' म्हणतेस ना? जमिनीची काय चूक असते? पण काकांशी बाळासारखं बोलू नकोस हं. ते कामगार आहेत." मी नववीत शाळा सोडलेली, मला आजाराचं नाव नीट बोलता यायचं नाय. ताई म्हणाल्या, "नाव राहू दे. फक्त वेड म्हणू नकोस, आणि कोणाला म्हणू देऊ नकोस."

ताईंची दुसरी सवय म्हणजे, कधीपण आल्या की आधी मला विचारायच्या, "तू जेवलीस का?" बाबांचं नंतर. एकदा मी बाळाला लसीचा डोस द्यायला गेले आणि बाहेरून कडी लावून गेले, अर्धा तास फक्त. परत आले तर गॅलरीत गर्दी, आत बाबा दार बडवतायत, हाताला रक्त. दुपारी ताईंना सांगताना मला वाटलं आता ह्या मला सोडणार नाहीत. त्यांनी बाबांच्या हाताची पट्टी बघितली आणि विचारलं, "तू जेवलीस का?" मी तिथंच हुंदके देऊन रडले. मग त्यांनी बाळाचे घुंगरांचे वाळे मागितले, आतल्या कोयंड्याला बांधले. "कडी काढ. दार हललं की वाजेल. आणि कुठे जायचं असेल तर शेजारी सांग, लाजू नकोस."

आमच्या ह्यांचं चाललं होतं, बाबांना गावी पाठवू, चुलत्यांकडं, मागच्या खोलीत राहतील. मला पण मनातून तेच हवं होतं, खरं सांगते. बाबांच्या हातून बाळाला काय होईल, ह्याची मला भीती वाटायची. मी बाळ आणि बाबांच्या मधे सतत उभी. ताई ह्यांना म्हणाल्या, "सासरे हिचे, बाप कोणाचा रे? एक दिवस सुट्टी काढ, केंद्रात येऊन बस." गेले. बाबा तिथं रिळाचा तुटलेला धागा जोडत होते, दोन बोटांत अशी गाठ मारत होते की दिसायची पण नाय, आणि शेजारच्या आजोबांना शिकवत होते. त्यानंतर ह्यांनी गावचं नाव परत काढलं नाय.

मला मात्र ताई म्हणाल्या, "भीती वाटते ना? वाटू दे. पण मधे उभी राहू नकोस, बाजूला राहा."

मग ताईंचे गुडघे गेले. ऑपरेशन करायचं आणि नाशिकला लेकीकडं राहायचं ठरलं. केंद्र दुसऱ्या बाई बघणार होत्या, पण न्यायला कोण येणार? शेवटच्या दिवशी ताई वर आल्या, जिना चढताना दोनदा थांबल्या. बाबांना काय सांगितलं नाय. बाबाच म्हणाले, "दमलंस गो. च्या पिऊन जा."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी बाळाला घेऊन खाली उतरले, तेव्हा ते दीड वर्षाचं होतं, नुकतं चालायला लागलेलं. बाबा जिन्याखाली उभे, डबा हातात, हलेचनात. "ती बूटवाली खंय?"

माझ्या तोंडावर आलं होतं, गेल्या त्या, आता नाय येणार. बाबांचा चेहरा त्या दिवशी फुटपाथवर होता तसा व्हायला लागला होता.

मी म्हटलं, "त्यांची पाळी बदलली, बाबा. आजपासून मी."

बाबांनी जरा विचार केला, मान हलवली. मग खाली बाळाकडं बघितलं. "ह्येका पण कामाक लावलंस काय?"

"हो, आजपासूनच."

बाबांनी डबा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताचं बोट खाली केलं. बाळानं ते धरलं. माझा हात पुढं गेला होता, तो मी मागं घेतला. ती दोघं रस्त्याला लागली, हळूहळू, आणि मी बाजूनं चालत होते.