मलमवाल्याचं नाव

नेदरलँड्समधल्या वाखनिंगनमध्ये अश्लेषाचं काम काय, तर बटाट्याचं कूळ शोधणं. कुठलाही वाण समोर आला, की तो कुठल्या डोंगरातून, कुणाच्या शेतातून आला हे सापडेपर्यंत तिला चैन पडत नाही. आणि ज्याने तो पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्या शेतकऱ्याच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहावं लागलं, की तिचं डोकं फिरतं. तसं ते फिरायला फार कारण लागत नाही. कराडला सातवीत असताना बक्षीस चुकीच्या मुलीला दिलं म्हणून तिने भर समारंभात हेडसरांना जाब विचारला होता. चुकीची मुलगी तिची मैत्रीण होती, हे विशेष.

हा राग कुठेतरी जिरावा म्हणून सहा वर्षांपूर्वी ती आर्नहेमला फुंग सिफूंच्या वर्गात जाऊ लागली. सिफू म्हणजे गुरू. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर हॉटेलात कढया हलवून मनगटं दोरखंडासारखी झालेली, आणि डच भाषा मेनूकार्डाच्या थोडी पलीकडची. ते शिकवत ती उड्या मारायची सिनेमातली विद्या नव्हे. दक्षिण चीनमधल्या त्यांच्या खेड्यातली, पाय रोवून छत्तीस पवित्र्यांत संपणारी. अश्लेषाचा राग काही जिरला नाही, फक्त नीट उभा राहायला शिकला.

वर्गाला चाळीस वर्षं होणार म्हणून पुस्तिका काढायची ठरली. आपल्या विद्येचा उगम अश्लेषानेच लिहावा, असं सिफू म्हणाले. शिवाय त्याच दिवशी तिच्या हातचा चहा घेऊन ते तिला शिष्य करून घेणार होते. चिनी नसलेली पहिलीच शिष्या. तिने आईला कराडला फोन करून सांगितलं, तेव्हा पीएचडीच्या वेळेपेक्षा तिचा आवाज चढलेला होता.

उगम म्हणून सिफूंनी जे सांगितलं ते असं: मठ जळाला, एक भिक्षू पळाला, तो फुंगांच्या गावात लपला आणि त्याने ही विद्या दिली. अश्लेषाने वाचायला घेतलं तर तिकडच्या दर दुसऱ्या गावाकडे असा एक पळालेला भिक्षू निघाला. एवढे सगळे त्या मठात मावत कसे होते कोण जाणे. मग ती वर्षभराची रजा साठवून त्या गावी गेली. तिथल्या म्हाताऱ्यांना भिक्षू ऐकून ठाऊक होता, पण आज्यांकडून ऐकलेला माणूस वेगळाच होता. भाताची कापणी झाली की खांद्यावर कावड घेऊन एक मुक्या माराचं मलम विकणारा यायचा, चाळीस दिवस राहायचा आणि पोरांना मुठी शिकवायचा. कारण ओढ्याच्या पाण्यावरून शेजारच्या गावच्या येउंगांशी दरवर्षी डोकी फुटायची.

परतल्यावर तिने हे आर्नहेमच्या एका टोकोत, म्हणजे आपल्या भाषेत चिनी किराणा दुकानात, सांगितलं. दुकानदार म्हातारा त्याच येउंगांपैकी निघाला. त्याने हातातला कोबीचा गड्डा खाली ठेवला आणि तांदळाच्या पोत्यांमध्ये उभं राहून छत्तीसच्या छत्तीस पवित्रे करून दाखवले. एक वळण तेवढं उलटं. मलमवाला एक हिवाळा इकडे, एक हिवाळा तिकडे. फोडणाराही त्याचाच चेला, फुटणाराही त्याचाच, आणि वर मलमही तोच विकणार.

अश्लेषा खूश. तिने येउंगला मलमवाल्याचं नाव विचारलं. त्याला माहीत नव्हतं, पण तो आधी आमच्याकडे आला, फुंगांनी आमच्याकडून चोरलं, हे मात्र पक्कं माहीत होतं. तिथे ती पहिल्यांदा तापली.

दुसऱ्यांदा सिफूंसमोर. त्यांनी तिचं पान मुलाकडून वाचून घेतलं. मग म्हणाले, येउंग काढ, मलमवाला काढ, भिक्षू घाल. नाहीतर चहा नाही.

घरी येऊन तिने कुकर असा आपटला की नवरा, सारंग, मीटिंग म्यूट करून स्वयंपाकघरात आला. सगळं ऐकून म्हणाला, “अगं, घाल की भिक्षू. तुझ्या खिशातलं काय जातंय? आणि त्याचा गुरू भारतातून गेला होता असंही घाल. इथलं मराठी मंडळ तुझं गणपतीत भाषण ठेवेल.”

“अरे, ज्याने शिकवलं तो माणूस होता ना? दोन गावं त्याच्या मुठींनी भांडली, तीन पिढ्या त्यावर मिरवल्या, आणि एकालाही त्याचं नाव ठेवावंसं वाटलं नाही. वर तुम्ही त्याच्या जागी देव बसवा.”

“मी कुठे बसवला?”

“तूच आत्ता विमानाने पाठवलास ना!”

सारंग मीटिंगमध्ये परत गेला. तिथे कमी धोका होता.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलेलं. पुस्तिकेत भिक्षूच होता, ते पान सिफूंच्या मुलाने लिहिलेलं. तरी अश्लेषाला बोलावणं होतं, सिफूंनी आपल्या परीने वाट ठेवली होती. चहा देताना शिष्याने पहिल्या गुरूपासून सगळ्यांची नावं घ्यायची, अशी रीत. ती कप दोन्ही हातांनी धरून गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “पहिला गुरू, मलम विकणारा.” मग सिफूंचे आजोबा, वडील, सिफू.

सिफूंनी कप घेतला नाही. तिचे दंड भरून आले, पण याच माणसाने तिला तासतास हात पुढे धरायला शिकवलेलं, त्यामुळे कप हलला नाही.

“नाव?” शेवटी सिफूंनी हळूच विचारलं.

“मिळालं नाही. तुम्ही लोकांनी ठेवलंच नाही.”

त्यांचा चेहरा पडला. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचाच आणखी राग आला. ती उठली. भिंतीशी गुरूंच्या तसबिरींचं टेबल होतं. भिक्षूचं चित्र तिने बाजूला सरकवलं आणि त्या रिकाम्या जागेपुढे चहा ठेवून नीट तीनदा वाकली. मुलगा पुढे धावला. सिफूंनी हात वर करून त्याला थांबवलं, पण तिला थांब म्हणाले नाहीत.

बाहेर सारंग दोन्ही सायकलींपाशी उभा होता. झालीस का शिष्या, असं त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “चल, कुलूप काढ.”